वाचकांचे प्रश्न : एकतीस एक्क्यांची मूळ संख्या

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीत शिकते. संगणकाच्या तासाला तिने २१४७४८३६४७ या संख्येत १ मिळवायला सांगितले, तर उत्तर ऋण आले. ही संख्या मूळ आहे, असेही तिच्या शिक्षकांनी त्या वेळी सांगितले. तेव्हापासून आमच्या घरात हाच विषय चालू आहे. एवढ्या मोठ्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणाचाही भाग जात नाही, याची खात्री माणसाला कशी पटली असेल? संगणक नसताना कोणी ते सिद्ध केले असेल, तर त्याला हजारो भागाकार करावे लागले असतील ना?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, असे या संख्येचे वाचन होते. २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते. ती मूळ आहे हे लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ साली बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पत्राने कळवले. ते तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, सेंट पीटर्सबर्गला राहत होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती. आपल्या प्रश्नातली हजारो भागाकारांची शंका अगदी रास्त आहे. पण ऑयलर यांना हजारो भागाकार करावे लागले नाहीत, आणि ते का लागले नाहीत हाच या गोष्टीचा गाभा आहे, असे मला वाटते. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी सरळ मार्ग पाहू. एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ विभाजक तिच्या वर्गमूळाहून मोठा असत नाही, हे शाळेत शिकवले जाते. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या दरम्यान येते. तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीने भाग देऊन पाहिला आणि एका भागाकाराला तीन मिनिटे धरली, तर सुमारे २४० तास लागतात. शिवाय तेवढ्या मूळ संख्यांची बिनचूक यादी हाताशी हवी आणि एकही भागाकार चुकता कामा नये.

ऑयलर यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला. या संख्येला विभाजक असलाच, तर तो दिसायला कसा असेल? हे समजण्यासाठी याच घरातली एक लहान संख्या घेऊ. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ मिळतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. आता १ पासून सुरुवात करून दर वेळी दुप्पट करू आणि २३ ने भागून उरणारी बाकी लिहू. १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२ अशा बाक्या येतात आणि पुढच्या पावलाला पुन्हा १ येतो. हे ११ बाक्यांचे एक कडे झाले. त्यात न आलेली एखादी बाकी, समजा ५, घेऊन तीच दुप्पट करत गेलो, तर ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४ असे दुसरे कडे तयार होते आणि तेही ११ चेच. शून्य वगळून २३ च्या एकूण बाक्या २२, आणि त्या ११-११ च्या दोन कड्यांत पूर्णपणे वाटल्या गेल्या.

हे योगायोगाने घडत नाही. प्रत्येक कडे पहिल्याच कड्याला एखाद्या संख्येने गुणून मिळते, म्हणून सगळी कडी सारख्याच लांबीची असतात; आणि दोन कड्यांत एक बाकी सामाईक आली, तर ती दोन कडी एकच ठरतात. सोलापूरच्या वाचकांना हे चादरीवरून लगेच उमजेल. नक्षीचा एक घास ठरलेल्या रुंदीचा असेल आणि काठापासून काठापर्यंत अर्धवट घास कुठेही राहू द्यायचा नसेल, तर चादरीचा पन्हा त्या रुंदीच्या पटीतच असावा लागतो. इथे पन्हा म्हणजे शून्य वगळून उरलेल्या सगळ्या बाक्या, आणि घास म्हणजे एक कडे.

हेच आपल्या संख्येला लावू. समजा, तिला एखाद्या मूळ संख्येने भाग गेला. याचा अर्थ त्या विभाजकाने भागले असता २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ येते, म्हणजे ३१ पावलांनी दुपटींचे कडे पुन्हा १ वर येते. कड्याची खरी लांबी ३१ ला भाग देणारीच असणार. परंतु ३१ ही स्वतः मूळ संख्या असल्यामुळे ती लांबी १ किंवा ३१ एवढीच असू शकते, आणि १ असू शकत नाही, कारण मग २ ची बाकी १ यावी लागेल. म्हणून प्रत्येक कडे बरोबर ३१ चे. मग विभाजकातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या ३१ च्या पटीत असलीच पाहिजे, आणि विभाजक विषम असल्यामुळे ती ६२ च्याही पटीत असली पाहिजे. थोडक्यात, ६२ ने भागल्यावर बाकी १ राहील अशाच मूळ संख्यांना उमेदवारी मिळते. ३, ५, ७, ११, १३ या नेहमीच्या सगळ्या संख्या एकही भागाकार न करता बाद झाल्या.

दुसरी चाळणी याहून सूक्ष्म आहे. आपला काल्पनिक विभाजक घेऊन २ च्या ३२ व्या घाताला भागले, तर बाकी २ येते. पण २ चा ३२ वा घात हा ६५,५३६ चा वर्ग आहे. म्हणजे त्या विभाजकासाठी २ ही बाकी एखाद्या वर्गातून मिळते. अशी सोय सगळ्या मूळ संख्यांकडे नसते. ७ कडे ती आहे, कारण ३ चा वर्ग ९ आणि त्याची बाकी २. १७ कडे आहे, कारण ६ चा वर्ग ३६ आणि त्याचीही बाकी २. ३, ५, ११, १३ यांच्याकडे ती नाही, हे आपली मुलगी वहीत करून पाहू शकेल. ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ येते, नेमक्या त्यांच्याकडेच ही सोय असते, असे प्रमेय आहे. त्याची सिद्धता इथे मावणार नाही, म्हणून ते गृहीत धरून पुढे जातो.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येणाऱ्या संख्याच उरतात. १ सोडला, तर वर्गमूळापर्यंत अशा संख्या अवघ्या ३७३ आहेत. त्यांतली पहिलीच ६३ ही उघडपणे संयुक्त आहे, मग २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने. असे करत खरोखर मूळ असलेल्या उमेदवार संख्या ऐंशीच्या आसपास राहतात. तीन मिनिटांच्या आपल्या हिशेबाने हे चार तासांचे काम झाले. पहिली उमेदवार ३११. तिने भागले असता बाकी ३५ राहते. पुढची १३०३, बाकी २२६. त्यापुढची १४८९; बाकी १९९. घरातल्या सर्वांनी हे तीन भागाकार कागदावर जरूर करावेत. ऑयलर यांनी काय केले, हे वाचून जितके कळते त्याहून अधिक ते हाताने केल्यावर कळते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

या पद्धतीची धार किती आहे, ते आणखी एका गोष्टीवरून दिसते. ऑयलर यांच्या कितीतरी आधी, १६०३ साली, इटलीतल्या पिएत्रो कताल्दी यांनी असे छापले होते की घातांक २३, २९, ३१ आणि ३७ घेतले तरी मूळ संख्याच मिळतात. या चार विधानांतले फक्त ३१ चे खरे ठरले. उरलेल्या तिन्हींना आपल्या दोन चाळण्या लावून पाहा. २३ साठी पहिली मूळ उमेदवार ४७ येते आणि तिने भाग जातो. २९ साठी पहिली उमेदवार २३३ आणि तिनेही भाग जातो. ३७ साठी २२३, आणि पुन्हा तेच. तिन्ही चुकीची विधाने पहिल्याच मूळ उमेदवाराशी कोसळतात, आणि ३१ चे विधान मात्र ऐंशीच्या आसपास परीक्षा देऊन उभे राहते. ३७ साठी मिळणारी संख्या १३,७४३ कोटींहून मोठी आहे, तरी तिचा निकाल एका भागाकारात लागतो, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवतो आणि दर वर्षी मला त्याचा तितकाच आनंद होतो.

आपल्या प्रश्नात ‘खात्री’ हा शब्द आहे, त्याविषयी एक वाक्य जोडतो. ‘आम्हाला विभाजक सापडला नाही’ आणि ‘विभाजक असूच शकत नाही’ ही दोन विधाने अगदी वेगळी आहेत. कताल्दी यांच्या विधानाला सिद्धतेचा आधार नव्हता. ऑयलर यांच्याकडे विभाजकाची नेमकी ठेवण होती, आणि त्या ठेवणीच्या चौकटीतली प्रत्येक जागा त्यांनी तपासली होती.

प्रश्न : आमच्या घरी पूर्व भागात पूर्वी जकार्डचे माग होते, त्यामुळे छिद्रांच्या पुठ्ठ्यांशी लहानपणापासून ओळख आहे. ही संख्या संगणकाच्या पद्धतीने लिहिली तर ओळीने एकतीस एकक येतात, असे वाचले. मग ओळीने कितीही एकक मांडले तर मूळ संख्या मिळते का? की ३१ मध्येच काही विशेष आहे?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : पुठ्ठ्यांचा आपला परिचय इथे फार उपयोगी पडेल. पुठ्ठ्यावर छिद्र असले की ताण्याचा धागा उचलला जातो, नसले की खालीच राहतो. छिद्र म्हणजे १ आणि कोरी जागा म्हणजे ०, असे मानले की द्विमान पद्धती झाली, आणि आपली संख्या म्हणजे ओळीने एकतीस छिद्रे.

आता पंधरा छिद्रांची ओळ घ्या. तिची किंमत ३२,७६७. ती तीन-तीन छिद्रांच्या पाच सारख्या गटांत तोडता येते. तीन छिद्रांची किंमत ७, आणि तोच गट पाच वेळा सरकवून मांडला की पूर्ण ओळ तयार होते, म्हणून ३२,७६७ ला ७ ने भाग जाणारच. भागाकार ४,६८१ येतो. पाच-पाचच्या तीन गटांत तोडली तर ३१ ने भाग जातो आणि १,०५७ मिळतात. छिद्रांची संख्या संयुक्त असली की ओळ अशी सारख्या तुकड्यांत तुटते आणि मूळ संख्या मिळण्याची शक्यताच उरत नाही. म्हणून छिद्रांची संख्या मूळ असणे आवश्यक आहे.

पण तेवढे पुरेसे नाही. अकरा छिद्रांची ओळ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे, हे वर आलेच. फ्रान्समधले मॅरां मर्सेन यांनी १६४४ साली २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांपासून मूळ संख्या मिळतात असे त्यांना वाटले त्यांची यादी दिली, आणि म्हणून या घराण्याला मर्सेन संख्या असे नाव पडले. त्या यादीत ३१ बरोबर होते. मात्र ६७ आणि २५७ चुकून आले होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते.

६७ ची हकिगत मला सर्वांत उद्बोधक वाटते. सदुसष्ट एककांची ती संख्या संयुक्त आहे, हे फ्रान्सच्या एदुआर लुकास यांनी १८७६ मध्येच दाखवले. पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. तो मिळायला १९०३ साल उजाडले. अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार करून ती संख्या मिळवून दाखवली. अवयव ठाऊक नसताना संख्या संयुक्त आहे याची निश्चिती असू शकते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. म्हणून लुकास यांची कसोटी लहान संख्येवर चालवून दाखवतो. पुढे लेहमर यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले.

सात छिद्रांची संख्या १२७ घेऊ. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची. ४ नंतर १४ येतात, मग ६७, मग ४२, मग १११, आणि शेवटी ०. छिद्रांच्या संख्येपेक्षा दोनने कमी इतकी पावले, म्हणजे इथे पाच पावले, झाल्यावर शून्य आले तर संख्या मूळ, नाही आले तर संयुक्त. अवयव शोधण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या एकतीस छिद्रांच्या संख्येला या कसोटीची २९ पावले लागतात. ऑयलर यांना ही वाट ठाऊक असती, तर त्यांचे काम आणखी हलके झाले असते. याच वाटेने लुकास यांनी १२७ छिद्रांची, ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे हाताने सिद्ध केले.

प्रश्न : या संख्येचा प्रत्यक्ष उपयोग काय? आणि २०३८ साली याच संख्येमुळे संगणकांची घड्याळे बिघडणार असे म्हणतात, त्याचा तिच्या मूळ असण्याशी संबंध आहे का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. संबंध नाही. पुष्कळ जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस जागांत मोजतात. त्यांतली एक जागा धन-ऋण दाखवण्यात जाते आणि एकतीस उरतात. त्या सगळ्या भरल्या की पुढच्या सेकंदाला मोजणी ऋण होते. पहिल्या पत्रातल्या मुलीला ऋण उत्तर आले तेही याच कारणाने. सगळ्या जागा भरण्याचा क्षण भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येतो. आपल्याकडे ते संक्रांतीनंतरचे, गड्डा यात्रेचे दिवस असतील. नव्या प्रणालींत चौसष्ट जागा ठेवतात, त्यामुळे तिथे ही अडचण उरत नाही. मर्यादा जागांच्या संख्येमुळे येते; ती मर्यादा मूळ संख्या निघाली, हा ३१ या घातांकाचा गुण.

उपयोगाबद्दल एक जुनी गोष्ट आहे. या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे ती स्वतः सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच येते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असे लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि त्यांच्यामागे कोणी लागणार नाही. ते दोन्ही बाबतींत चुकले. १८७६ मध्ये लुकास त्यापुढे गेले, १८८३ मध्ये रशियातले एक धर्मोपदेशक इवान पेर्वूशिन यांनी घातांक ६१ ची संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मर्सेन मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

आणि उपयोगही निघाला. संगणकाला यादृच्छिक वाटतील अशा संख्या हव्या असतात. त्यासाठी कसोटीच्या संदर्भात ज्यांचे नाव आले त्याच लेहमर यांनी सुचवलेली रीत अशी : एक सुरुवातीची संख्या घ्या, तिला एका ठरलेल्या संख्येने गुणा, ठरलेल्या भाजकाने भागा आणि बाकी ठेवा, मग त्या बाकीवर पुन्हा तेच करा. पहिल्या उत्तरातली कडी इथे परत भेटतात. आपली २१४७४८३६४७ हीच भाजक घेतली आणि दर वेळी २ ने गुणले, तर कडे अवघ्या ३१ पावलांत बंद होते, जे अगदीच निरुपयोगी. पण ७ च्या ५ व्या घाताने, म्हणजे १६,८०७ ने गुणत गेले, तर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच येऊन गेल्याशिवाय कडे बंद होत नाही. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही जोडी किमान मानक म्हणून सुचवली आणि पुढे ती अनेक ठिकाणी वापरली गेली. इथे मात्र भाजक मूळ असणे अनिवार्य आहे. तो संयुक्त असता, तर त्याच्या एखाद्या अवयवाच्या पटीतल्या संख्येपासून सुरुवात करणारा माणूस त्या अवयवाच्या पटींतच फिरत राहिला असता आणि पूर्ण कडे कधीच मिळाले नसते.

चौसष्ट जागांच्या नव्या मर्यादेत हा गुण नाही. तिथली सर्वांत मोठी संख्या त्रेसष्ट छिद्रांची आहे आणि ६३ संयुक्त आहे. दुसऱ्या उत्तरात पंधरा छिद्रांची ओळ तोडली तशी ही ओळ तीन-तीनच्या एकवीस गटांत किंवा सात-सातच्या नऊ गटांत तुटते. म्हणून ९२२३३७२०३६८५४७७५८०७ या संख्येला ७ ने भाग जातो आणि १२७ नेही जातो.